काळ्या दगडातील गारगोटी आणि तिला उजेडात आणणारे हात



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांविषयी बोलणार, असे श्रोते गृहीतच धरतात. आज आम्ही दगडाविषयी बोलणार आहोत. आमच्या एका सहकाऱ्याने विषय ऐकून विचारले, "दगडाला काय संघटना लागते?" त्याला आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. ते आज द्यावे असा विचार आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरबाहेरच्या एका दगडखाणीत आम्ही मजुरांची नावे नोंदवावयास गेलो होतो. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते कारखान्यात, मोर्चात आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. खाणीत एक म्हातारे पाथरवट होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मामा प्रत्येक धोंड्यावर आधी हातोडा हलकेच टेकवीत, कान देत आणि मग घाव घालीत. एका धोंड्यापाशी ते थांबले. म्हणाले, "अण्णा, ह्यो दगुड पोकळ बोलतोय बघा." आम्हांला काही निराळे ऐकू आले नाही. मामांनी छिन्नी लावून कडेकडेने तो धोंडा असा उकलला, की जणू नारळच फोडला. आत मुठीएवढी पोकळी होती. तिच्या भिंतीवर दुधाळ गुलाबी रंगाचे, मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे दिसणारे स्फटिक दाटीने उगवले होते.

मुकादमाने तो तुकडा पोत्यात गुंडाळून ठेवला. आठवड्याने कोणी व्यापारी येऊन तो घेऊन गेला. मामांना त्याबद्दल एक चहा आणि विडीचे एक बंडल मिळाले. आम्ही मामांना विचारले, "मामा, ह्याला म्हणतात काय?" ते म्हणाले, "गारगोटी."

गारगोटी म्हटले की कोल्हापूरच्या माणसाला भुदरगड तालुक्याचे ठाणे आठवते. भाषेत मात्र गारगोटी म्हणजे हिऱ्याच्या उलट, मोल नसलेली वस्तू. मग ज्या वस्तूला मोल नाही ती घेण्यासाठी व्यापारी गाडीभाडे खर्चून का येतो? या साध्या प्रश्नापासून आमचे वाचन सुरू झाले. कोशाचे खंड, भूगर्भशास्त्राची पाठ्यपुस्तके, जुनी गॅझेटियरे, जे हाती लागले ते आम्ही वाचत गेलो. त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

आरंभ एका परक्या खड्यापासून करू. आपल्या गुजरीत ज्या खड्याला तुरमली किंवा तोरमल्ली म्हणतात तो टुर्मलीन. हे नाव सिंहली भाषेतून आले. १७०३ च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी हे खडे सिंहलद्वीपातून युरोपात नेले. हा खडा तापविला की चिलमीतली राख स्वतःकडे ओढतो असे त्यांना दिसले, म्हणून त्यांनी त्याला 'राख ओढणारा' असेच नाव दिले. स्वीडनच्या लिनियसने १७४७ साली त्याला विजेचा दगड म्हटले आणि १७५६ साली एपिनस या शास्त्रज्ञाने ती ओढ खरोखरच विजेची आहे, तापलेल्या स्फटिकाच्या एका टोकास धन आणि दुसऱ्या टोकास ऋण विद्युत प्रकट होते, हे प्रयोगाने दाखविले.

असे का व्हावे? तोरमल्लीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची सहा-सहांची कडी असतात. लेझमाच्या रिंगणात सगळे गडी एकाच दिशेस तोंड करून उभे राहावेत तशी ही कडी सारी एकाच बाजूस तोंड करून रचलेली असतात. त्यामुळे स्फटिकाची दोन टोके सारखी राहात नाहीत आणि उष्णता किंवा दाब मिळताच तो भेद विजेच्या रूपाने बाहेर पडतो. तोरमल्लीत आणखी एक आवश्यक घटक लागतो, तो बोरॉन. सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतो त्यात हेच मूलद्रव्य असते. रंग मात्र अगदी थोड्या धातूंवर ठरतो. लोह असेल तर काळा, मँगनीज असेल तर गुलाबी. आणि १९८० नंतरच्या दशकात ब्राझीलच्या पराइबा प्रांतात जी दुर्मिळ निळी तोरमल्ली सापडली तिचा रंग तांब्यामुळे आला आहे.

बोरॉनाचा असा साठा ग्रॅनाइटासारख्या खडकांच्या शेवटच्या रसात होतो. आपला सह्याद्री त्या जातीचा नाही. म्हणून तोरमल्ली आपल्या काळ्या दगडात शोधून उपयोग नाही. पण योगायोग असा की, एपिनसने तोरमल्लीची वीज दाखविली त्याच १७५६ साली स्वीडनमध्येच क्रोनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने दुसऱ्या एका दगडाचे कौतुक लिहून ठेवले, आणि तो दगड मात्र आपल्या घरचा आहे. त्याने सोनाराच्या फुंकणीसारखी नळी घेऊन ज्योतीचा झोत त्या स्फटिकावर धरला. स्फटिक फुगला, त्यातून वाफ निघाली आणि दगडच उकळू लागल्यासारखे दिसले. उकळणे आणि दगड या दोन ग्रीक शब्दांची जोड करून त्याने 'झिओलाइट' हे नाव दिले. मामांच्या पोकळीतील गुलाबी पेंढी याच कुळातली. तिला स्टिल्बाइट म्हणतात. आम्हीही संघटनेच्या कचेरीत एक कपचा सांडशीत धरून स्टोव्हवर तापवून पाहिला. तो फुगला, पांढरा पडला आणि बोटांत चुरला. क्रोनस्टेट खरे बोलला होता याची खात्री पटली.

या उकळण्याचे रहस्य रचनेत आहे. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार सांगाडा. त्या जाळीत बोळ असतात. बोळांतून पाण्याचे रेणू आणि सोडियम, कॅल्शियम यांचे कण वस्तीला असतात. उष्णता दिली की पाणी घर सोडून जाते. पुष्कळ जातींत सांगाडा मात्र उभाच राहतो आणि गार झाल्यावर पाणी पुन्हा वस्तीस येते. हे कण बदलताही येतात. जड पाण्यातील कॅल्शियम आत घ्यावयाचे आणि आपला सोडियम बाहेर द्यावयाचा, एवढ्या देवघेवीने पाणी मऊ होते. म्हणून धुण्याच्या पावडरीत कृत्रिम झिओलाइट घालतात. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतही त्याचाच उपयोग होतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची टंचाई पडली तेव्हा रुग्णालयांच्या आवारात हवेपासून प्राणवायू काढणारी यंत्रे बसविण्यात आली. त्या यंत्रांच्या टाक्यांत झिओलाइटाचेच दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे सोडतात. हे दाणे कारखान्यात बनविलेले असतात, सह्याद्रीतले नव्हेत. पण रचनेची युक्ती तीच, जी मामांच्या धोंड्यात निसर्गाने योजिली होती.

ही युक्ती आपल्या दगडात कशी आली? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोटच्या लोट वाहिले. थरावर थर साचले. झीज होऊनही आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी झाकला आहे. पन्हाळ्याचा कडा, अंबाबाईच्या देवळाचा दगड, आपल्या घराची जोती, सारे त्याच कुळातले. भाकरी भाजताना पिठातील वाफेने जसे फोड येतात तसे थंड होणाऱ्या रसात वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे लक्षावधी वर्षे खडकातून गरम पाणी झिरपत राहिले. त्याने खडकातलीच द्रव्ये विरघळवून नेली आणि त्या पोकळ्यांत थेंबाथेंबाने ठेवली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, सुयांच्या झुपक्यासारखा स्कोलेसाइट, आणि झिओलाइटाचा शेजारी, पण त्या कुळात न बसणारा, काचेसारखा ॲपोफिलाइट, अशी ही मंडळी. घाई केली असती तर नुसती पांढरी माती झाली असती. पोकळी, पाणी आणि वेळ हे तीन मिळाले म्हणून स्फटिक झाले.

येथपर्यंत निसर्गाचा इतिहास झाला. आता माणसांचा सांगावयाचा आहे.

या स्फटिकांची युरोपात नोंद झाली तीही फार जुनी आहे. १८३१ साली ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याहून आलेल्या एका सुईदार खनिजास 'पूनालाइट' असे नाव दिले. ते नवे नसून मेसोलाइट नावाचे झिओलाइटच आहे हे मागाहून ठरले, पण पुण्याचे नाव ग्रंथात चढले. खरी उलथापालथ झाली ती आगगाडीमुळे. मुंबईची गाडी घाटावर आणण्यासाठी १८५६ च्या जानेवारीत भोर घाटाचे काम सुरू झाले. बोगदे २५, आणि चढ ठिकठिकाणी ३७ फुटांस १ फूट असा. यंत्रे नावाला, सुरुंगाची दारू, पहार, घण आणि डोक्यावरची पाटी हीच साधने. १८६१ साली या एका घाटावर ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. दख्खनच्या गावागावांतून, दुष्काळी मुलखातून ती आली होती. बायका आणि पोरेही त्यांत होती. पटकीने आणि तापाने हजारोंनी मेली.

कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून आरंभ करतो आणि ते योग्यच आहे. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या त्या १८८४ साली. पण त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८५९ च्या जानेवारीत, मजुरी थकल्याच्या रागाने भोर घाटातील मजूर उठले होते. तो उद्रेक होता. संघटना नव्हती, पुढारी नव्हता, मागण्यांचा कागद नव्हता. सरकारला चौकशी करावी लागली. फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराने त्याच वर्षी काम सोडले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आला, तो येताच थोड्या दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, ठेका पुढे चालविला. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. ठेकेदार, त्याची विधवा, गव्हर्नर, सर्वांची नावे आम्हांला पुस्तकांत सापडली. ४२ हजारांपैकी एकाचेही नाव आम्हांस मिळाले नाही.

या खोदाईत डोंगराचे पोट उघडे पडले. पोकळ्यांतून अपूर्व स्फटिक निघाले आणि ते विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन पोहोचले. १८६५ साली शेपर्ड या अमेरिकन प्राध्यापकाने भोर घाटातील एका हिरवट खनिजास सह्याद्रीवरून 'सायहेड्राइट' असे नाव दिले. तेही पुढे स्वतंत्र ठरले नाही, ते अशुद्ध स्टिल्बाइट निघाले. तरी पाहा, पुण्याला नाव मिळाले, सह्याद्रीला नाव मिळाले. ज्याच्या घणाखाली तो डोंगर फुटला तो मात्र निनावी राहिला.

आता अलीकडे येऊ. पुण्याहून नगरच्या रस्त्यावर वाघोली लागते. पुणे शहर वाढू लागले तशा तेथल्या खाणी खोल गेल्या. १९७० नंतरच्या दशकात तेथून एक निळे खनिज बाहेर आले, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते मोठ्या प्रमाणात मिळू लागले. त्याचे नाव कॅव्हन्साइट. हे खनिज प्रथम १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले होते आणि १९७३ साली स्टेपल्स, एव्हान्स व लिंडसे या तिघांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पण तेथील कण बारीक. जगाला त्याचे खरे रूप दाखविले ते वाघोलीने. पांढऱ्या स्टिल्बाइटाच्या शेजेवर गडद निळ्या सुयांचे गोल गुच्छ बसलेले असतात; जणू पांढऱ्या धोतरावर निळीची बोटे उमटावीत.

त्याची घटना नावातच सांगितली आहे. कॅल्शियमचा 'कॅ', व्हॅनेडियमचा 'व्हॅन', सिलिकॉनचा 'सि'. हिशेब असा की एका कॅल्शियमामागे एक व्हॅनेडियम, चार सिलिकॉन आणि पाण्याचे चार रेणू. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची चार-चार आणि आठ-आठ जणांची कडी एकमेकांत गुंफून पापुद्रे होतात. व्हॅनेडियम त्या पापुद्र्यांना जोडून धरतो. मधल्या जागेत कॅल्शियम आणि पाणी राहतात. रंग सारा व्हॅनेडियमाचा. तोरमल्लीस जे तांबे करते ते येथे हा धातू करतो. त्याच घटकांनी, त्याच हिशेबात, पण सहा-सहांची कडी करून दुसरे खनिज बनते, त्याला पेंटागोनाइट म्हणतात. तेही वाघोलीस मिळते. माणसे तीच, संख्या तीच, पण हात कोणाच्या हातात दिला यावर रिंगण बदलते. संघटनेच्या माणसास ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

कॅव्हन्साइट मऊ आहे. तोरमल्ली काचेवर ओरखडा काढते. याच्यावर साध्या चाकूचा ओरखडा उठतो. ते ठिसूळही आहे. अंगठीत बसविण्याजोगे नाही, लोखंडी पहारीपुढे टिकणारे नाही. म्हणून ते अखंड बाहेर येते तेव्हा कोणाच्या तरी हातांनी ते जाणून-बुजून वाचविलेले असते. सुरुंग उडाल्यावर ढिगातून पोकळीचा धोंडा ओळखणे, घाव कोठे घालावयाचा नाही हे समजणे, छिन्नी कोणत्या अंगाने शिरवावी हे ठरविणे, ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत. ती मामांच्या कानात आणि मनगटात असते.

येथे व्यापाऱ्यांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. त्यांनी मोल दिले नसते तर हे सारे क्रशरच्या जबड्यात जाऊन त्याची खडी झाली असती, आणि किती तरी झालीही असेल. त्यांनी ते स्वच्छ केले, कापसात बांधले, ओळखून त्याला नाव लावले. सिन्नरला 'गारगोटी' याच नावाने असे खनिजांचे संग्रहालय उभे आहे, ते आपल्या लोकांनी पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत टक्सन शहरी दरवर्षी फेब्रुवारीत खनिजांचा बाजार भरतो, तेथे महाराष्ट्राचे स्फटिक मानाने मांडले जातात. याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पण हिशेब पाहा. सरकारदरबारी आपला दगड हे गौण खनिज. ते ब्रासने मोजतात. १०० घनफुटांचा एक ब्रास. त्यावर स्वामित्वधन आकारतात. मजुराची मजुरीही पुष्कळ ठिकाणी अशाच मापाने ठरते. धोंडा भरीव निघो की पोकळ, माप तेच. किंबहुना स्फटिक सांभाळण्यात अर्धा दिवस गेला तर त्या दिवसाची खडी कमी भरते आणि नुकसान मजुराचेच होते. म्हणजे ज्या कसबामुळे ती वस्तू टक्सनला पोहोचते त्या कसबाला आपल्या मापात जागाच नाही. मामांचा चहा आणि विडीचे बंडल हा कोणा मुकादमाचा दुष्टपणा होता असे आम्ही तेव्हा समजलो होतो. आज वाटते, दोष मापाचा होता.

हे काम करणारे बहुतेक लोक वडार समाजाचे. गाडीवडार, मातीवडार, पाथरवट ही त्यांची जुनी ओळख. देवळे, किल्ले, धरणे यांचे दगड त्यांनी घडविले, आणि तरीही हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्या कायद्याने असंख्य जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले तो १९५२ च्या ऑगस्टमध्ये रद्द झाला, पण पालावरचे जिणे कायद्याबरोबर संपले नाही. खाणीजवळचे पोर शाळेच्या पटावर कमी आणि खडीच्या ढिगावर जास्त दिसते. क्रशरच्या धुळीचे सांगावयाचे तर, आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका वालुकाश्मापेक्षा कमी, म्हणून ही धूळ निरुपद्रवी आहे असे काही लोक म्हणतात. कमी म्हणजे नाही असे नव्हे; आणि दिवसाचे आठ-दहा तास, वर्षानुवर्षे आत जाणारी कोणतीही बारीक धूळ फुफ्फुसाला सोडत नाही. मामा शेवटची चार वर्षे खोकत होते. त्यांच्या कागदावर रोगाचे नाव कोणी नीट लिहिले नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मागण्या फार नाहीत. ज्या खाणीत स्फटिक निघतात तेथे त्यांची वेगळी वही ठेवावी. काय निघाले, कोणत्या तारखेस, कोणी काढले. विक्रीच्या रकमेत काढणाऱ्याचा ठरलेला वाटा असावा, मेहेरबानीचा चहा नव्हे. क्रशरवर पाण्याची फवारणी आणि आच्छादन असावे, आणि खाणमजुराच्या छातीची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. आणि संग्रहालयांना एक विनंती. चिठ्ठीवर खनिजाचे नाव, रासायनिक घटना, गाव लिहिता, त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा, काढणाऱ्याची. जागा थोडी लागेल.

सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. दगडाला संघटना लागत नाही. त्याच्या पोकळीत पाण्याने लक्षावधी वर्षे नेमाने काम केले आणि त्याचे फळ ठेवून दिले. संघटना लागते ती फळ काढणाऱ्याला, कारण त्याच्यापाशी लक्षावधी वर्षे नाहीत. साठाच्या आत छाती निकामी होते.

मामांनी जाण्याआधी आम्हांस एक लहान तुकडा दिला होता, गुलाबी पेंढीचा. तो आज येथे टेबलावर ठेवला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी जवळ येऊन पाहावा, हातात घेण्यासही हरकत नाही. त्याच्या चिठ्ठीवर आम्ही स्टिल्बाइट असे लिहिले आहे, आणि खाली मामांचे पूर्ण नाव लिहिले आहे. ते आधी वाचा, मग दगड पाहा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.